भिंतीपासून हातभर

नारायणगुड्यातली ती कोठी मी चार नावांनी ओळखते. आधी दवाखाना, मग ट्युटोरियल, मग फंक्शन हॉल आणि कोरोनानंतरची दोनेक वर्षं गोडाऊन. आता तिचा कॅफे होतोय. दरवाज्यावरचा चुना खरवडला तेव्हा खाली उर्दूत कोरलेलं तिचं खरं नाव निघालं, राहत मंजिल. निजामाच्या काळात कुण्या जहागीरदारानं बांधली म्हणतात. त्या जहागीरदाराशी मला काही घेणंदेणं नाही. तो कसा राहत होता, त्याच्याकडं किती घोडे होते, हे आता भिंतीवर इंग्रजीत लिहून लावणार आहेत आणि त्याखाली बसून लोक कॉफी पिणार आहेत. पिऊ देत.

मी पहिल्यापासून अशी नव्हते. माझं नाव रेणुका. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नोकरी करते, रिटायरमेंट जवळ आलीय. ऑफिसात मला सगळे शांत बाई म्हणतात. खरं तर मला फारसं काही वाटतच नाही. गरम चहानं जीभ भाजली की दिवसभर चव लागत नाही, खाणं मात्र चालूच राहतं, तसं आहे ते. माझा तो दिवस तीस वर्षांच्या वर चाललाय.

मागच्या महिन्यात आदर्श, माझा मुलगा, ऑफिसातून आला आणि बूट काढता काढता म्हणाला, "मम्मी, माझं लग्न झालं तो हॉल आहे ना, माझ्या टीममधल्या रोहननं लीजवर घेतलाय. पुण्याचा आहे तो. त्याची वाइफ स्नेहा आर्किटेक्ट आहे. कॅफे टाकतायत. जुन्या मेमरीज असणारे लोक पाहिजेत म्हणे त्यांना. मी तुझं नाव देऊन टाकलो."

"माझं कशाला?"

"तुला लई वेड आहे ना त्या घराचं. मला तिथंच इंटरला घातली, तिथंच लग्न लावली." मग तो फ्रिज उघडून उभा राहिला आणि पाठमोराच म्हणाला, "मागचं ते झाड तोडणार आहेत. भिंत फुटली म्हणे त्याच्यानं. पक्ष्यानं बी टाकलं असंल कधीतरी."

संभाजी टीव्ही बघत होते. संभाजी म्हणजे माझे मिस्टर. घरात मी त्यांचं नाव घेत नाही, पण लिहिताना घेतलं नाही तर वाचणाऱ्याला कळणार कसं. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि माझ्याकडं बघितलं. ते झाड पक्ष्यानं लावलेलं नाही, हे या शहरात आता आम्हा दोघांनाच माहीत आहे.

त्र्याण्णव साली आम्ही गौलीगुड्यात, बस अड्ड्याच्या मागं एका खोलीत राहत होतो. संभाजी डेपोत मेकॅनिक म्हणून नुकतेच लागले होते. आम्ही दोघंही नांदेडकडचे, शहरात ओळख ना पाळख. कोठीत तेव्हा एका डॉक्टरीणबाईंचा बाळंतपणाचा दवाखाना होता. वरच्या मजल्यावर जहागीरदाराच्या घरच्या बायका राहायच्या त्या मोठ्या खोलीत खाटा टाकलेल्या होत्या, आणि माझी खाट मागच्या जाळीच्या खिडकीशी होती. मला मुलगी झाली. ती रडली नाही. डॉक्टरीणबाईंनी तिला उलटी धरली, पाठीवर थापट्या मारल्या, आणि मग हळूच खाली ठेवली.

सासूबाई, मालनबाई, गावाहून बाळंतपणासाठी आल्या होत्या. त्यांनी तिला पांढऱ्या धडप्यात गुंडाळलं आणि माझ्याकडं पाठ करून म्हणाल्या, "बघू नको पोरी. बघितलं की माया लागती." मी बघितलं नाही. हट्ट करता येतो हे मला सुचलंच नाही.

आमच्यात एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, मातीला देतात. गाव रात्रभराच्या अंतरावर, आणि या शहरात माती कुणाकडं मागायची ते माहीत नाही. दवाखान्यातली आया जयवंता आमच्याच भागातली होती. ती संभाजींना मागच्या अंगणात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी बघून न बघितल्यासारखं केलं. मी खाटेवर पडून ऐकत होते. आधी सब्बल, म्हणजे पहार, कारण जमिनीत चुन्याचे खडे फार होते. मग फावडं. शेवटी जयवंता म्हणाली, "कुत्री लई हैत इथं, वरून फरशी टाका," आणि शहाबादी फरशी पडल्याचा आवाज आला. तिचं म्हणून माझ्याकडं एवढंच आहे. चेहरा मी बघितला नाही, आणि नाव ठेवायच्या आतच सगळं झालं होतं.

माणूस गेलं की आमच्यात त्रिसरण-पंचशील होतं, गाथा होतात, चार माणसं पांढऱ्या कपड्यांत येऊन बसतात. तिच्यासाठी कुणी बसलं नाही. जिला नाव नाही तिचं काय करायचं, असं घरातल्यांनी आपापसांत ठरवून टाकलं. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी काय सांगितलं असतं कोण जाणे.

मे महिन्यात बुद्धपौर्णिमेला विहारात बोधिवृक्षाची, म्हणजे पिंपळाची रोपं वाटली. एक आम्हालाही मिळालं. एका खोलीत राहणारी माणसं पिंपळ लावणार कुठं? आम्ही रोप घेऊन चालत कोठीवर गेलो. जयवंतानं मागचं दार उघडलं आणि संभाजींनी फरशीच्या कडेला, भिंतीपासून हातभर अंतरावर ते लावलं. पिंपळ घराजवळ लावू नये, हे गावाकडं शेंबड्या पोरालाही कळतं. आम्हालाही कळत होतं. पण तो दवाखाना होता. ते कुणाचं तरी घर आहे, असं आमच्या डोक्यातच आलं नाही.

पुढं दवाखाना बंद पडला, जयवंता गावी निघून गेली, आणि मला आत जायला कारण उरलं नाही. मग मी कारणं काढायला लागले. तिथं ट्युटोरियल कॉलेज आलं तेव्हा वॉचमनला सांगायचे, मुलाच्या ॲडमिशनची चौकशी करायचीय. आदर्श तेव्हा चौथीत होता. वॉचमनच्या पोरी लग्नाला आल्या तरी माझी चौकशी चालूच. शेवटी लाज राखायला आदर्शला इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला, खरंच तिथं घातलं. हिमायतनगरात चांगलं कॉलेज होतं. एंट्रन्समधली आपली रँक त्यामुळं गेली असं त्याचं अजून म्हणणं आहे, आणि ते बरोबरच असेल. परीक्षा जवळ आल्या की पोरं पिंपळाला दोरे बांधायची. पालकांच्या मीटिंगला गेले की मी मास्तरांचं ऐकत नसे, खिडकीतून ते लाल-पिवळे दोरे बघत बसे.

मग फंक्शन हॉल झाला. पुढच्या बाजूच्या रंगीत काचा काढून ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवल्या, आणि वरची खोली नवरीला नटवायची खोली झाली. लग्नाच्या गाड्यांचे ड्रायव्हर मागच्या अंगणात सावलीला बसायचे. त्यांनी पिंपळाखाली शेंदूर लावून एक दगड मांडला. म्हणजे माझ्या लेकीची देवी झाली, आणि बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या मला तिथं हात जोडायची सोय राहिली नाही. मी आपली चप्पल घालून उभी राहायचे, परकी असल्यासारखी.

आदर्शचं लग्न मी तिथंच धरलं. पार्किंग नाही, एसी नाही, गीताच्या, म्हणजे माझ्या सुनेच्या माहेरचे लोक परभणीहून आले ते नाराजच. तरी मी हट्टानं बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर मागच्या अंगणात मांडायला लावली, जनरेटरच्या शेजारी. दोघं पांढऱ्या कपड्यांत तिथं उभे राहिले तेव्हा वर पानं वाजत होती. सगळे रडले, गीताच्या आईला तर धरून बसवावं लागलं. मी वाढप्यांना पाण्याचं सांगत फिरत होते. संभाजी मात्र जेवायला उठेनात. झाडाच्या बुंध्याशी खुर्ची टाकून बसून राहिले आणि लोकांना वाटलं मुलाच्या बापाला दमायला झालं.

गोडाऊन होतं तेव्हा आत जायला काहीच निमित्त नव्हतं. ऑनलाइन किराणा पोचवणारी पोरं गाड्या घेऊन ये-जा करायची आणि खाली-वर सगळीकडं तांदळाची पोती. गल्लीतून जाताना शेंडा दिसायचा, तेवढ्यावर भागवलं.

आदर्शनं सांगितलं त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही दोघं कोठीवर गेलो. मी ठरवून गेले होते. सांगायचं की झाड तोडू नका, आणि का म्हणून विचारलं तर कारणही सांगायचं. रिक्षात बसल्या बसल्या मी ते तोंडातल्या तोंडात म्हणूनही पाहिलं. संभाजींना ऐकू गेलं असणार, ते बाहेर बघत राहिले.

स्नेहा दारातच भेटली. जीन्सवर चुन्याचे डाग, केस रुमालात बांधलेले. चांगली मुलगी आहे. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. "या काकू, या काका," म्हणत तिनं आम्हाला सगळी कोठी दाखवली. इथं काउंटर, इथं पुस्तकं, इथं जुने फोटो. मग मागच्या अंगणात नेलं.

पिंपळ दोन मजल्यांच्या वर गेला होता. भिंतीत वरपासून खालपर्यंत भेग होती, माझी मूठ आत गेली. आत मूळ दिसत होतं, चुना फोडत पार वरच्या खोलीच्या तुळईपर्यंत चढलेलं. वरच्या मजल्याला लोखंडी टेकू लावले होते.

"पुढच्या पावसात ती वरची खोली जाईल, काकू," स्नेहा म्हणाली. "आम्हाला परवानगी मिळालीये. मला स्वतःला झाड तोडायला अजिबात आवडत नाही. पण एक तर खोली राहील, नाहीतर झाड."

वरची खोली म्हणजे माझी खाट होती ती. मी तोंड उघडलं. पाठ केलेलं सगळं होतं, पण त्या भेगेसमोर उभं राहून ते बोलायचं कसं? आम्हीच लावलं, आम्हीच तुमची भिंत फोडली, आता तुम्ही भिंत सोडून द्या. एवढं म्हणायला जी धमक लागते ती माझ्यात नव्हती.

"हो ना," मी म्हणाले.

मेस्त्री यादगिरी आपल्या माणसांना घेऊन सावलीत बसला होता. कुऱ्हाडी, दोर, आरी, सगळं तयार होतं, पण कुणी उठत नव्हतं. स्नेहानं विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, रावी का झाड है. पूजा हुए बगैर हमारे लोगां हात नै लगाते. कोई बडे बोले तो काट देते."

रावी म्हणजे तेलुगूत पिंपळ. स्नेहाला आधी हसू आलं, मग तिनं माझ्याकडं बघितलं. "काकू, तुम्ही कराल? तुम्ही मोठ्या आहात, तुमचा या घराशी इतका संबंध आहे. मी हळदीकुंकू, नारळ मागवते. मला यातलं खरंच काही येत नाही."

तिचा काही दोष नव्हता. रेणुका नावावरून कुणाला काय कळणार? "आमच्यात हे करत नाहीत, स्नेहा," मी म्हणाले. "आम्ही बौद्ध आहोत."

ती गडबडली. "सॉरी काकू, माझ्या लक्षातच आलं नाही. मी दुसऱ्या कुणाला..."

संभाजी माझ्या मागं उभे होते. दिवसाला दहा वाक्यं बोलले तर आमच्या घरी ती बातमी असते. ते हळूच म्हणाले, "आपलं म्हण."

"काय आपलं?"

"तवा ऱ्हायलेलं."

तीस वर्षांत त्यांनी त्या दिवसाबद्दल माझ्यापाशी काढलेला तो पहिला शब्द. मी चप्पल काढली आणि पिंपळासमोर बसले. शेंदराचा दगड आणि मी समोरासमोर, पण त्याला आता कोण विचारतो. त्रिसरण म्हटलं, पंचशील म्हटलं, मग माणूस गेल्यावर म्हणतात त्या गाथा म्हटल्या. संभाजींनी मागून साथ दिली, त्यांचा आवाज भसाडा आहे. यादगिरी आणि त्याची माणसं उठून हात जोडून उभी राहिली. त्यांना पाली कळत नव्हती, मंत्र म्हणतायत एवढं त्यांना पुरेसं होतं. स्नेहानंही हात जोडले. माझ्या लेकीसाठी शेवटी चार माणसं जमली, फक्त कुणासाठी जमलोय ते त्यांना ठाऊक नव्हतं.

मला वाटलं होतं, आता तरी आत काही हलेल. नाही हललं. शेवटची गाथा संपली तेव्हा एवढंच लक्षात आलं की माझ्या पायावर काळ्या मुंग्या चढल्यात.

"हो गया, अम्मा?" यादगिरीनं विचारलं.

"हो गया," मी म्हणाले. झाड तोडायची परवानगी अशी माझ्याच तोंडून गेली.

दुसऱ्या दिवसापासून संभाजी डबा घेऊन तिकडं जायला लागले. रिटायर माणूस, कुणी विचारलं नाही. संध्याकाळी आले की सांगायचे, आज फांद्या झाल्या. आज खोड झालं. मी भाकरी थापत ऐकून घ्यायचे. एकदा त्यांच्या खिशात पिंपळाचं पान सापडलं, ते मी शर्टाबरोबर धुऊन टाकलं, मुद्दाम नाही. मग एका रात्री जेवता जेवता ते म्हणाले, "उद्या मुळं काढणार. मुळं राहिली तर परत फुटतं म्हणे. गल्लीत मशीन जात नाही, हातानंच खोदायचं आहे."

मी ऑफिसात रजा सांगितली.

आम्ही पोचलो तेव्हा अंगण उघडं-बोडकं दिसत होतं. एवढं ऊन तिथं मी कधी बघितलं नव्हतं. स्नेहा लगबगीनं आली. "काकू, बरं झालं आलात. तुमच्या आठवणी रेकॉर्ड करते, चालेल ना? वर जाऊ, इथं फार धूळ आहे." मी संभाजींकडं बघितलं. त्यांनी मान हलवली, जा म्हणून. माझ्या बाबतीत त्या घरात असंच होतं, मी वर आणि बाकीचे खाली.

वरच्या खोलीत तिनं माझी खुर्ची नेमकी मागच्या जाळीच्या खिडकीशी ठेवली. उजेड तिथं चांगला येतो म्हणे. मोबाइल समोर उभा केला. "या खोलीत काय काय होतं ते सांगा, काकू. सावकाश सांगा."

मी सांगायला लागले. लोखंडी खाटा, पांढऱ्या रंगाच्या. नंतर बाकडी आणि फळा. नंतर मोठा आरसा, नवरीसाठी. नंतर पोती. माझा आवाज मला ऑफिसात फाइल वाचून दाखवतात तसा ऐकू येत होता. खालून सब्बल सुरू झाली. ती कुणाच्या हातात आहे ते मला बघावं लागलं नाही. तरुण माणूस सलग मारतो, हा माणूस दोन घाव घालून थांबत होता.

"छोडो चाचा, हमारे लोगां करते ना," यादगिरीचा आवाज आला.

"इत्ता कोना मेरा," संभाजी म्हणाले.

मग फावडं चालू झालं. मी आरशाबद्दल सांगत होते, की तो लग्नाच्या दिवशी गीताच्या मामानं... काय केलं ते मला आठवेना. स्नेहा मान डोलवत होती. मग पुन्हा सब्बल, एकच घाव, आणि तो दगडावर बसला. खाली सगळं थांबलं.

"छान, आवाज थांबला," स्नेहा म्हणाली. "आता क्लिअर येईल. खाटांचं परत पहिल्यापासून सांगा."

"माझी खाट इथं होती," मी म्हणाले. "खिडकीशी. मुलगी झाली होती मला."

"आदर्शला बहीण आहे? कधी बोलला नाही तो."

मी उठले. पहिल्यांदा मला कळेना की मला काय होतंय, मग कळलं की मला राग आलाय. मालनबाईंचा आला, ज्यांना जाऊन किती वर्षं झाली. जयवंताचा आला, त्या डॉक्टरीणबाईंचा आला, संभाजींचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या खाटेवर गुमान पडून राहिलेल्या बाईचा आला. जिना लाकडी आहे, पायऱ्या अरुंद. तेव्हा तो मी उतरले नव्हते, आता भिंतीला धरून उतरले. वरून स्नेहा "काकू, हळू" म्हणत राहिली.

अंगणात यादगिरीची माणसं लांब जाऊन उभी होती. संभाजी खड्ड्यात गुडघ्यांवर बसले होते. पिंपळाच्या जाड मुळानं फरशीला चारी बाजूंनी वेढा घातला होता, गाठोडं बांधावं तसा. एक बाजू त्यांनी सोडवली होती आणि फरशी एवढीशी उचलून हातानं तोलून धरली होती. माझी चाहूल लागली तरी त्यांनी मागं बघितलं नाही. पाठ माझ्याकडं तशीच ठेवून ते म्हणाले, "येऊ नको. बघू नको तू."

"सरका," मी म्हणाले. "बघू दे मला."

त्यांनी फरशी खाली टेकवली. मग सरकले. मी त्यांच्या शेजारी खड्ड्यात उतरले, फरशीची दुसरी कड धरली आणि आम्ही दोघांनी ती उलटी केली. खाली काळी, ओलसर माती होती आणि तिच्यात पिंपळाची केसांसारखी बारीक, पांढरी मुळं. बाकी काही नव्हतं. मी खाली वाकले आणि डोळे भरून बघितलं.